एका अक्षराची पुल रिक्वेस्ट: डॉक्युमेंटेशनमधलं शुद्धलेखन कसं दुरुस्त करावं

ओपन सोर्समध्ये शिरायचं तर आधी डॉक्युमेंटेशनमधली एखादी स्पेलिंगची चूक काढा, हा सल्ला नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना सर्रास मिळतो. सल्ला चांगला आहे, पण तो अर्ध्यावर सोडलेला असतो. चूक नजरेला पडणं ही फक्त सुरुवात. ती खरोखर चूक आहे का, ती कुठल्या फाइलमधून आली, ती काढताना शेजारचं काही बिघडणार तर नाही, एवढं पाहिलं तर दुरुस्ती प्रकल्पाच्या कामाची. नाहीतर तुमची पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती, मेंटेनरच्या म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या डोक्याला ताप. खाली आधी इंग्रजी डॉक्युमेंटेशनबद्दल लिहिलंय आणि मग मराठीबद्दल. मराठीबद्दल जास्त लिहिलंय, कारण तिथं काम पडून आहे आणि ते मराठी येणाऱ्यालाच करावं लागणार आहे.

कुठली चूक आधी काढायची

सगळ्या चुका सारख्या नसतात. 'रिसीव्ह'च्या स्पेलिंगमध्ये ई आणि आयची अदलाबदल झाली तर कुणाचं अडत नाही, वाचणारा समजून घेतो. पण कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकायच्या कमांडमध्ये एक हायफन कमी पडला, तर परभणीत रात्री अकराला एकट्यानं इन्स्टॉलेशन करत बसलेल्या पोराचं काम तिथंच थांबतं, आणि चूक आपली नसून मॅन्युअलची आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून आधी कमांड, फाइलचे पाथ, पॅकेजची नावं, पोर्टचे आकडे पाहावेत. मग अर्थ उलटा करणारे शब्द. साधं स्पेलिंग सगळ्यात शेवटी.

कमांडच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार आढळते: लेखकानं बरोबर लिहिलेलं असतं, पण पानावर चुकीचं दिसतं. स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन तयार करणारं साधन साध्या मजकुरातल्या सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतं आणि लागोपाठच्या दोन हायफनांची एक लांब रेघ करतं. वाचणारा ती रेघ कॉपी करतो आणि प्रोग्रॅम 'असा पर्याय नाही' म्हणतो. मूळ फाइल उघडली तर तिथं दोन हायफन व्यवस्थित दिसतात, आणि नवखा माणूस गोंधळतो. इथं अक्षर बदलायचं नसतं, तो पर्याय दुहेरी बॅकटिकमध्ये (``) घालायचा असतो, म्हणजे स्फिंक्स त्याला हात लावत नाही.

अर्थ उलटा करणाऱ्या चुका स्पेलचेकरला दिसतच नाहीत, कारण चुकून पडलेला शब्दही खराच असतो. 'नॉट'चा शेवटचा टी जाऊन डब्ल्यू आला की 'नाऊ' होतं: 'हे चालत नाही' असं लिहायचं होतं आणि 'हे आता चालतं' असं छापलं गेलं. 'फ्रॉम'चं 'फॉर्म' होणं तर रोजचंच. अशा ठिकाणी वाक्य वाचून अंदाजानं दुरुस्ती करू नये. सोर्स कोड वाचावा, कमांड चालवून पाहावी आणि आपण काय चालवून पाहिलं हे पुल रिक्वेस्टमध्ये एका ओळीत लिहावं. त्या एका ओळीनं मेंटेनरची दहा मिनिटं वाचतात.

साध्या स्पेलिंगसाठी कोडस्पेल हे साधन उत्तम. शब्दकोशात नसलेला प्रत्येक शब्द ते लाल करत नाही. नेहमी होणाऱ्या चुकांची यादी त्याच्याकडे असते आणि तेवढेच शब्द ते पकडतं. त्यामुळे व्हेरिएबलची नावं आणि कोडमधली लघुरूपं यांवर ते फारसं ओरडत नाही. आधी ते नुसतं चालवून यादी वाचावी. फाइलमध्ये थेट बदल लिहिण्याचा पर्याय पहिल्याच फेरीत देऊ नये. लिनक्स कर्नलमध्ये अशीच एक यादी स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या स्पेलिंग नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे: चुकीचा शब्द, दोन उभ्या रेघा, बरोबर शब्द. चेकपॅच ही स्क्रिप्ट तीच यादी वापरते.

एकच शब्द दोनदा पडलाय का हेही पाहावं. 'द द' अशी चूक एकाच ओळीत असेल तर दिसते. पहिला 'द' ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल तर डोळाही चुकतो आणि ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांडही, कारण ग्रेप एकेक ओळ सुटी पाहतं.

दिसते ती फाइल मूळ असतेच असं नाही

वेबसाइटवरचं पान बहुतेक वेळा कशातून तरी तयार झालेलं असतं. मॅन पेज (टर्मिनलमध्ये दिसणारं कमांडचं माहितीपान) कधी प्रोग्रॅमच्या हेल्पच्या मजकुरातून बनतं, एपीआयची माहिती कोडमधल्या कॉमेंटमधून येते. तयार झालेली फाइल दुरुस्त केली तर पुढच्या बिल्डला, म्हणजे पानं पुन्हा तयार होताना, चूक परत हजर. चुकीच्या शब्दासकट आजूबाजूचे तीन-चार शब्द घेऊन गिट ग्रेप (गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातली शोधाची कमांड) चालवावं. सापडलं नाही तर शब्द कमी करावेत, कदाचित मध्ये ओळ तुटली असेल.

शोधात सापडलेली प्रत्येक जागा दुरुस्त करायची नसते. व्हेंडर किंवा थर्ड पार्टी फोल्डरमधला मजकूर दुसऱ्या प्रकल्पाचा असतो, दुरुस्ती तिकडे पाठवायची. लायसन्सच्या मजकुराला हात लावायचा नाही. टेस्टच्या फाइलींत चूक मुद्दाम ठेवलेली असू शकते. मॅन्युअलमध्ये प्रोग्रॅमचा एरर मेसेज दाखवलेला असेल आणि त्यातच स्पेलिंग चुकलेलं असेल, तर नुसतं मॅन्युअल सुधारून उलट नुकसान होतं: लोक पडद्यावरचा मेसेज जसाच्या तसा शोधतात आणि मग तो मॅन्युअलमध्ये सापडत नाही. आधी प्रोग्रॅममधला मेसेज बदलायचा, मग मॅन्युअल.

काही चुका तर आता कायमच्या झाल्यात. ब्राउझर सर्व्हरला आपण कुठल्या पानावरून आलो हे ज्या हेडरमधून सांगतो, त्या 'रेफरर'च्या स्पेलिंगमध्ये मधला आर दोनदा हवा. एचटीटीपीच्या १९९६च्या आरएफसी १९४५ या नियमपत्रकात तो एकदाच आला, आणि आज जगभरचे सर्व्हर तसंच ओळखतात. युनिक्समध्ये फाइल तयार करण्याच्या सिस्टिम कॉलचं नाव 'क्रिएट'च आहे, पण शेवटचा ई नाही. मॅन्युअलमध्ये अशी नावं 'सुधारली' तर वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम चालणार नाही. एखादं नाव विचित्र दिसलं की ते कोडमध्ये कसं लिहिलंय हे आधी पाहावं. कोडमध्ये तसंच असेल तर मॅन्युअलमध्येही तसंच राहील.

ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगच्या भानगडीत पडू नये. आपल्याला शाळेत 'कलर'मध्ये यू शिकवला म्हणून त्याशिवायचं स्पेलिंग चूक ठरत नाही. प्रकल्पाचं स्टाइल गाइड असेल तर ते म्हणेल ते.

आपलं काही घालायचं नाही

पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता शिरलेले अपपाठ त्यांनी काढले, आणि या पाठात कुणी आपली ओवी घालू नये असंही बजावून ठेवलं. स्वतः एवढे मोठे कवी असून दुरुस्तीच्या कामात त्यांनी स्वतःचं काही मिसळलं नाही. दुरुस्ती करणाऱ्यासाठी याहून नेमका नियम मला माहीत नाही, आणि तो आपल्याच गोदाकाठी घालून दिलेला आहे.

डॉक्युमेंटेशनमध्ये हा नियम बहुतेक वेळा नकळत मोडतो, तोही एडिटरमुळे. तुम्ही बदललं एक अक्षर आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातल्या फरकात) दिसतात चारशे ओळी. कारणं ठरलेली आहेत. एडिटरनं विंडोज पद्धतीचे ओळींचे शेवट घातले, त्यामुळे गिटच्या दृष्टीनं प्रत्येक ओळ बदलली. किंवा फाइल सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा आपोआप छाटल्या गेल्या, आणि मार्कडाउन या साध्या मजकुराच्या लेखनपद्धतीत ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे 'इथं ओळ तोडा' असा अर्थ असल्यानं पानाची मांडणीच बदलली. किंवा परिच्छेद नीट बसावा म्हणून सगळ्या ओळी पुन्हा जुळवल्या. कमिट करण्याआधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी, गिट डिफ शब्दवार दाखवण्याचा पर्याय देऊन पाहावं. जो शब्द बदलला तेवढाच रंगीत दिसला पाहिजे. दुसरं काही रंगीत दिसलं तर ते मागे घ्यावं.

वाक्य जड वाटलं म्हणून त्याच पुल रिक्वेस्टमध्ये ते नव्यानं लिहूही नये. स्पेलिंगला कुणी हरकत घेत नाही, वाक्यरचनेवर चर्चा होते, आणि त्या चर्चेत स्पेलिंगची दुरुस्तीही महिनाभर अडकून पडते. वाक्य खरंच वाईट असेल तर वेगळी पुल रिक्वेस्ट करावी.

मथळ्यातली चूक जपून काढावी. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये (स्फिंक्सच्या फाइलींची लेखनपद्धत) मथळ्याखालची रेघ निदान मथळ्याएवढी लांब लागते. सुटलेलं एक अक्षर घातलं, मथळा वाढला, रेघ तेवढीच राहिली, की बिल्ड 'टायटल अंडरलाइन टू शॉर्ट' अशी तक्रार करतं. वॉर्निंगलाच एरर मानणाऱ्या प्रकल्पात तेवढ्यावर सीआय, म्हणजे बदल आपोआप तपासणारी यंत्रणा, लाल होते. मार्कडाउनमध्ये गिटहब मथळ्याच्या मजकुरातूनच त्या भागाची लिंक बनवतं. मथळ्याचं स्पेलिंग बदललं की जुनी लिंक तुटते, म्हणून ती लिंक प्रकल्पात आणखी कुठं वापरलीय हे शोधून त्याही जागा त्याच कमिटमध्ये बदलाव्यात.

आणि एक गोष्ट भाषांतराच्या बाजूची, जी इंग्रजी दुरुस्त करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. गेटटेक्स्ट हे भाषांतराचं साधन वापरणाऱ्या प्रकल्पात मूळ इंग्रजी ओळ हीच भाषांतराची चावी असते. त्या ओळीतलं एक अक्षर बदललं की पुढच्या वेळी फाइली जुळवताना त्या ओळीचं प्रत्येक भाषेतलं भाषांतर 'फझी', म्हणजे संशयास्पद, ठरतं, आणि फझी भाषांतर प्रोग्रॅम वापरत नाही. म्हणजे इंग्रजीतली चूक सुधारली आणि मराठी वापरणाऱ्याला तिथं अचानक इंग्रजी दिसायला लागलं. म्हणून प्रोग्रॅमच्या आतल्या मजकुरातली चूक काढताना मेंटेनरला तसं सांगावं. फक्त स्पेलिंग बदललंय, अर्थ तोच आहे, तर सगळ्या भाषांच्या पीओ फाइलींत (भाषांतराच्या फाइली) ती चावी बदलून फझीची खूण काढता येते. रिलीजच्या आधी स्ट्रिंग फ्रीझ (प्रोग्रॅममधला मजकूर न बदलण्याचा काळ) जाहीर झालेला असेल तर थांबावं.

मराठीतलं काम

आधी जागा नीट कळली पाहिजे. मीडियाविकीचं भाषांतर ट्रान्सलेटविकीवर होतं, फायरफॉक्सचं मोझिलाच्या पॉन्टूनवर, लिब्रेऑफिसचं वेब्लेटवर, ग्नोमचं डॅम्ड लाइजवर. अशा प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत (फाइलींच्या साठ्यात) थेट पीओ फाइल बदलून पाठवली तर ती बहुधा नाकारतात, किंवा पुढच्या सिंकमध्ये तुमचा बदल पुसला जातो. दुरुस्ती त्या-त्या मंचावरच सुचवायची.

मराठीतल्या चुका दोन जातींच्या असतात: वाचून कळणाऱ्या, आणि वाचून कळतीलच असा भरवसा नसलेल्या. दुसऱ्या जातीपासून सुरुवात करू.

'ॲप' हा शब्द घ्या. पहिलं अक्षर एकाच सांकेतिक क्रमांकानं लिहिता येतं, यू+०९७२. हा क्रमांक युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आला. त्याआधीपासून लोक 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र देत आले आहेत: 'अॅप'. आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून १ दाबलं की 'ऍ' येतो, म्हणून तिसरं रूप 'ऍप'. पहिली दोन रूपं बहुतेक फॉन्टमध्ये हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान रूपं एक करण्याची प्रक्रिया) चालवूनही ते एक होत नाहीत. परिणाम असा की मॅन्युअलच्या शोधात 'ॲप' टाकलं तर 'अॅप' असलेली पानं येत नाहीत. मराठीसाठी 'ॲ' हाच ठेवावा आणि बाकीची दोन रूपं शोधून बदलावीत. ही बदली यंत्रानं केली तरी चालते, मात्र 'ऍ' बदलताना फाइलमध्ये हिंदी मजकूर नाही ना हे पाहावं.

असाच प्रकार 'ऱ्य'चा. 'दुसऱ्या', 'वापरणाऱ्या', 'कोपऱ्यात' हे शब्द प्रत्येक मॅन्युअलमध्ये आहेत. एक पद्धत म्हणजे ऱ, हलन्त, य. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) आणि य. दोन्ही सारखंच दिसतं. दुसऱ्या पद्धतीतला तो न दिसणारा जॉइनर एखाद्या साफसफाईच्या स्क्रिप्टनं काढून टाकला की 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं, आणि आचाऱ्याचा आचार्य व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पहिली पद्धत भरवशाची.

'शुद्ध', 'पद्धत', 'प्रसिद्ध' यांच्यात द आधी आणि ध नंतर. 'ध्द' असं उलट लिहिलेलं सर्रास दिसतं, कारण लहान फॉन्टमध्ये दोन्ही जोडाक्षरं सारखीच भासतात आणि टाइपरायटरच्या वळणानं शिकलेल्या हाताला तशी सवय असते. फाइलमध्ये 'ध्द' शोधा: जे सापडेल ते जवळपास सगळं चूकच असतं. 'व्द'चंही तेच: व्दारे, व्दितीय, विव्दान. इथं 'द्व' हवा.

विसर्ग आणि कोलन यांची गल्लत मात्र यंत्रावर सोपवू नये. 'नावः' असं जिथं आहे तिथं 'नाव:' हवं, कारण लेखकाला कोलनच द्यायचा होता. पण सगळेच शब्दाच्या शेवटचे विसर्ग बदलले तर स्वतः, विशेषतः, सामान्यतः हे बरोबर शब्द बिघडतील. हे एकेक पाहूनच करायचं.

आता रेगेक्सचा, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधण्याच्या पद्धतीचा, सापळा, कारण यात चांगले प्रोग्रॅमर अडकतात. समजा 'सुरु' हे चुकीचं रूप बदलून 'सुरू' करायचंय. नुसतं शोधून बदललं तर 'सुरुवात' या बरोबर शब्दाचं 'सुरूवात' होतं. म्हणून कुणी शहाणा माणूस शब्दाची सीमा दाखवणारं चिन्ह, बॅकस्लॅश बी, लावतो. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये त्याचा परिणाम बरोबर उलटा होतो. त्या मॉड्यूलच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, उकार ही 'शब्दातली अक्षरं' नाहीत. त्यामुळे 'सुरुवात'मध्ये रुचा उकार आणि पुढचा व यांच्यामध्ये त्याला शब्दाची सीमा दिसते आणि तिथं तो बदल करतो. आणि 'सुरु करा'मध्ये उकार आणि स्पेस दोन्ही त्याच्या लेखी शब्दाबाहेरचे, म्हणून तिथं त्याला सीमाच दिसत नाही. जिथं बदल हवा तिथं होत नाही, नको तिथं होतो. उपाय असा: बॅकस्लॅश बी सोडून द्यायचं आणि 'यापुढे यू+०९०० ते यू+०९७एफ या पट्ट्यातलं कुठलंही अक्षर नसावं' अशी निगेटिव्ह लुकअहेड लिहायची. शब्दाच्या आधीच्या बाजूलाही तशीच लुकबिहाइंड. मग बदल झालेल्या सगळ्या ओळी एकदा डोळ्यांखालून घालायच्या.

वाचून कळणाऱ्या चुकांसाठी नियम आहेत आणि ते फार नाहीत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली चारांची भर पडली, एकूण अठरा. सॉफ्टवेअरच्या मजकुराला त्यातले तीन-चारच रोज लागतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: सुरू, आवृत्ती, पद्धती. 'आणि' हा अपवाद. धातूला लागणारा प्रत्यय 'ऊन': करून, वापरून, निवडून, जोडून. ('करुन', 'वापरुन' ही मराठी मॅन्युअलमधली बहुधा सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक असावी, आणि तीच काढायला सगळ्यात सोपी.) मराठी शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: चूक पण चुकीचा, मूळ पण मुळाशी, तपशील पण तपशिलात. तत्सम शब्दात तो तसाच राहतो: सूत्र, सूत्रात. आणि 'माहीत' दीर्घ, 'माहिती' ऱ्हस्व. 'परीक्षण'मध्ये री दीर्घ, 'परिणाम'मध्ये रि ऱ्हस्व.

आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. मराठवाड्यात घराघरांत 'पानी', 'आनि', 'कोन' असं बोलतात. बोली म्हणून त्यात काहीही चूक नाही, आणि त्यावरून कुणी हिणवत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावं. पण मॅन्युअल प्रमाण मराठीत असतं, तिथं 'जोडणी', 'मांडणी', 'तपासणी', 'ठिकाण' असंच हवं. बोलताना न येतो म्हणून टाइप करतानाही येतो, आणि स्वतःचं लिहिलेलं वाचताना तो खटकत नाही. यावर उपाय म्हणजे 'नी' आणि 'ने'नं संपणारे शब्द वेगळे काढून पाहणं. 'वापरने', 'निवडने' लगेच हाती लागतात. तसंच 'केलं', 'दिसतं' हे अनुस्वार अशा लेखात चालतात, मॅन्युअलमध्ये 'केले', 'दिसते' ठेवावं.

'फाइल' की 'फाईल', 'पासवर्ड' की 'परवलीचा शब्द' हे शुद्धलेखनाचे प्रश्न नाहीत. प्रकल्पाची शब्दावली ठरलेली असेल ती पाळावी. आपल्याला आवडतो म्हणून शब्द बदलणं म्हणजे पुन्हा आपली ओवी घालणं झालं. आणि ल किंवा श हिंदी वळणाचा दिसतो अशी तक्रार असेल तर मजकुरात शोधत बसू नये. ते फॉन्टचं काम आहे. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे एमआर, दिलेला आहे का ते पाहावं. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असेल तर एवढ्यानंच अक्षर बदलतं.

प्लेसहोल्डरला लागलेले प्रत्यय हा मराठीचा खास त्रास. मूळ ओळीत फाइलचं नाव नंतर भरलं जाणार असतं, तिथं टक्काचिन्ह आणि एस असतं. भाषांतरकार त्याला 'त' किंवा 'ला' चिकटवतो. मग 'अहवाल' हे नाव आलं की 'अहवालत' असं दिसतं, कारण प्रोग्रॅमला सामान्यरूप करता येत नाही. इथं शुद्धलेखन सुधारून भागणार नाही. नाव अवतरणात ठेवून पुढे 'या फाइलमध्ये', 'या वापरकर्त्याला' असं लिहावं, म्हणजे प्रत्यय आपल्या हातातल्या शब्दाला लागतो. प्लेसहोल्डरचं एकही चिन्ह हलवू नये. एस गळून नुसतं टक्काचिन्ह राहिलं तरी प्रोग्रॅम कोलमडू शकतो. पीओ फाइल हातानं बदलत असाल तर एमएसजीएफएमटी ही गेटटेक्स्टची कमांड सी पर्यायासह चालवून पाहावी, अशी गडबड ती पकडते.

पाठवताना

आधीच कुणी तीच दुरुस्ती पाठवलीय का हे उघड्या पुल रिक्वेस्टमध्ये शोधावं. मग काँट्रिब्युटिंग नावाची फाइल वाचावी. काही प्रकल्प सीएलएवर, म्हणजे योगदानाच्या करारावर, सही मागतात, काही कमिटखाली 'साइन्ड ऑफ बाय' ही ओळ मागतात. कर्नलमध्ये गिटहबसारखी पुल रिक्वेस्ट नाही, पॅच ईमेलनं जातो आणि तो कुणाला पाठवायचा हे गेट मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते.

लॅपटॉप नसेल तरी काम होतं. गिटहबवर फाइल उघडून पेन्सिलच्या खुणेवर दाबलं की फोर्क, म्हणजे प्रकल्पाची तुमची प्रत, आपोआप बनतो आणि मोबाइलच्या ब्राउझरमधूनही कमिट करता येतं. लॅपटॉप आहे पण डेटा मोजका असेल तर पूर्ण इतिहास उतरवू नये. क्लोन करताना डेप्थ १ दिलं की फक्त ताजी अवस्था येते. मोठ्या प्रकल्पात हा फरक जीबींमध्ये असतो. कमिटमधला ईमेल पत्ता कायमचा जाहीर होतो, म्हणून गिटहबच्या सेटिंगमधला नोरिप्लाय पत्ता आधीच लावून घ्यावा.

कमिट मेसेजची पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आत, आणि तिच्यात काय बदललं आणि कुठं हे दोन्ही असावं. नुसतं 'टायपो दुरुस्त' लिहिलं तर वर्षभरानं इतिहास वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एका पुल रिक्वेस्टमध्ये किती दुरुस्त्या घ्याव्यात? एकाच जातीच्या आणि एकाच विभागातल्या चुका एकत्र घ्याव्यात. प्रत्येक अक्षरासाठी वेगळी पुल रिक्वेस्ट पाठवली तर तपासणाऱ्याचा वेळ जातो, आणि पूर्ण प्रकल्पातल्या शंभर फाइली एकदम पाठवल्या तर कुणी तपासतच नाही.

हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमाच्या काळात विशेष जपावं. डिजिटलओशननं २०१४ साली सुरू केलेल्या या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला तेवढेच धरायचे असं ठरवावं लागलं. तेव्हापासून ऑक्टोबरमध्ये आलेल्या एका अक्षराच्या दुरुस्तीकडे मेंटेनर संशयानं पाहतात. चूक खरी असेल तर ती नोव्हेंबरमध्ये पाठवली तरी तेवढीच खरी असते.

उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदाच नम्रपणे आठवण करावी. मर्ज झाल्यावर, म्हणजे बदल प्रकल्पात घेतला गेल्यावर, वेबसाइटवर चूक तशीच दिसली तर घाबरू नये. बहुतेक डॉक्युमेंटेशनचं 'स्टेबल' पान रिलीजच्या ब्रँचमधून बनतं आणि तुमची दुरुस्ती मेनमध्ये, म्हणजे विकासाच्या मुख्य शाखेत, गेलेली असते. पानावरच्या आवृत्तीच्या यादीत 'लेटेस्ट' किंवा 'डेव्ह' निवडून पाहावं. चूक कमांडमधली असेल तर रिलीज ब्रँचमध्येही ती बॅकपोर्ट करता येईल का, असं त्याच पुल रिक्वेस्टखाली विचारावं, कारण लोक जुन्या आवृत्तीचं मॅन्युअल पुढे कितीतरी दिवस वाचत राहतात.